वेड्या वॉचमनची शिकवणी

लग्नाची हळद अजून पुरती उतरली नव्हती आणि यशवंतरावांची सून रोज सकाळी रडत होती.

डोळे लाल, नाक लाल, हातात रुमाल, आणि "काय झालं गं पोरी?" म्हणून विचारलं की भरल्या गळ्यानं "काही नाही, आबा." आता याला रडणं नाही तर काय म्हणायचं? यशवंतरावांनी तीन बहिणी आणि एक लेक सासरी धाडली होती. बाईमाणूस "काही नाही" म्हणतं तेव्हा बरंच काही असतं, एवढा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. शिवाय पूनम निगडी प्राधिकरणात वाढलेली, इंजिनियर झालेली, भोसरीच्या एका कंपनीत डिझाइनचं काम करणारी मुलगी. ती आपल्या मोशीच्या घरात येऊन रोज डोळे पुसते, ही गोष्ट त्यांच्या जिवाला लागून राहिली. शेवटी त्यांनी बायकोला स्वयंपाकघरात गाठलं.

"तू काय बोललीस का तिला?"

"मी?" सुभद्राबाईंच्या हातातलं उलथनं हवेतच राहिलं. "मी तर तिला आजून चहाचा कप बी इसळू दिला न्हाई!"

"मग तेच लागलं आसंल. आताच्या पोरींना पाव्हण्यावानी ठेवल्यालं आवडत न्हाई."

म्हणून दुसऱ्या दिवशी सुभद्राबाईंनी मोठ्या मनानं सुनेला भाकरी थापायला बसवलं. त्या दिवशी पूनमचे डोळे जास्तच लाल झाले.

"बघा," सुभद्राबाई नवऱ्याला म्हणाल्या, "कामाला लावली म्हनून रडली."

काम दिलं तरी पंचाईत, न द्यावं तरी पंचाईत. यशवंतरावांनी मग मुलाला गोठ्यात बोलावलं. गोठा म्हणजे बंगल्यामागं पत्र्याखालची जागा. एके काळी त्यांचं वावर नदीपर्यंत पसरलेलं होतं. आता तिथं चौदा मजली इमारती उभ्या होत्या आणि ज्या तुकड्यात यशवंतराव कोथिंबीर लावायचे तिथं कुणाचा तरी स्विमिंग पूल होता. बैल गेले, नांगर गेला, राहिली होती ती एक खिलार गाय, मैना. घरातल्या महत्त्वाच्या बैठका तिच्यासमोरच होत.

अजिंक्य चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होता. तिथं एखादा पार्ट रिजेक्ट झाला की पाच वेळा "का?" विचारायची पद्धत आहे. पाचव्या "का"ला म्हणे मूळ कारण सापडतं. अजिंक्यनं तीच पद्धत बायकोला लावली.

"आबा, पूनम का रडते? घर नवं आहे म्हणून. घर नवं का? लग्न झालं म्हणून. लग्न का झालं? आपण होकार दिला म्हणून. होकार का दिला? तुम्हाला मुलगी आवडली म्हणून. तुम्हाला ती का आवडली?"

यशवंतरावांनी मुलाकडं रोखून पाहिलं. "तुमच्या कंपनीत समद्याचा दोष आसाच बापावर येतो का रं?"

मैनेनं शेपटी हलवली.

सुभद्राबाईंची पद्धत मात्र साधी होती. माणूस दुःखी असलं की त्याला मऊ काहीतरी द्यावं. पोर फ्लॅटमधली, पलंगावरची जुनी पातळ गादी पाठीला टोचत असेल, असं म्हणून त्यांनी माळ्यावरची त्यांच्या स्वतःच्या लग्नातली गादी काढली. माहेरच्या कापसाची, चांगली जाडजूड. उन्हात घालायला सवड नव्हती, तेव्हा दोन धपाटे घालून ती सुनेच्या पलंगावर टाकली. दुसऱ्या दिवशी सुनेचे डोळे सुजले. सुभद्राबाईंचं काळीज पिळवटलं आणि त्यांनी दुसरी गादी काढली. मग पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली मखमली रजई आली, मग खाली पाय ठेवायला गालिचा आला. माया वाढत गेली तशी पलंगाची उंची वाढत गेली, आणि पूनमला वर चढायला स्टूल लागू लागलं.

इकडं शेजारच्या सोजराबाईंनी भिंतीवरून एकदा सुनेचा चेहरा पाहिला. "पोरगी नांदायची लक्षणं न्हाईत," एवढंच त्या म्हणाल्या, पण ते जुन्या गावठाणात संध्याकाळच्या आत घरोघरी पोचलं.

खरी गोष्ट अशी होती की पूनम रडत नव्हती. ती शिंका गिळत होती.

लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी अजिंक्य पहिल्या शिफ्टला निघाला होता. एक पाय उंबऱ्याबाहेर, आणि आतून पूनमला सणसणीत शिंक आली. "थांब!" सुभद्राबाई ओरडल्या. "शिंक झाली. बस खाली. पानी पी." अजिंक्य बसला, पाणी प्याला, उठला. पूनम पुन्हा शिंकली. तो पुन्हा बसला. असं उठबस करता करता कंपनीची बस नाक्यावरून निघून गेली. उशीर का झाला, असं साहेबांनी विचारल्यावर अजिंक्यनं भोळेपणानं खरं कारण सांगितलं, आणि त्यानंतर आठवडाभर अख्खी लाइन त्याला "भावा, आज वहिनींची परमिशन घेतली का?" म्हणून विचारत होती. त्या दिवसापासून पूनमनं ठरवलं, जीव गेला तरी सकाळी शिंकायचं नाही. पण गिळलेली शिंक पोटात जात नाही. ती डोळ्यांतून आणि नाकातून बाहेर येते.

शिंका कशाच्या, याबद्दल तिला शंकाच नव्हती. तिच्या खोलीची खिडकी गोठ्याकडं उघडत होती. पहिल्या सकाळी तिनं खिडकी उघडली, मैनेनं तोंड आत घातलं आणि पूनमनं शिंक दिली. इंजिनियर मुलगी, तिनं दोन आणि दोन चार केले.

मग सांगून का टाकलं नाही? तर रोज त्याच खिडकीतून तिला सासरे दिसायचे. सकाळी पेपर घेऊन ते मैनेजवळ बसायचे आणि बातम्या तिला वाचून दाखवायचे. "पेट्रोल आजून म्हाग झालं बग," असं म्हणून तिच्या तोंडाकडं बघायचे, जणू तिची स्वतःची गाडी आहे. आपण ॲलर्जीचा शब्द काढला तर हा माणूस दुसऱ्या दिवशी गाय काढेल, हे पूनमला पक्कं कळलं होतं. आल्या आल्या ज्या घरानं आपल्याला डोक्यावर घेतलं त्या घरातला एक जीव आपल्यापायी बाहेर जावा, हे तिला सोसणारं नव्हतं. सासऱ्यावर तिचा जीव जडला होता, सरळ सांगायचं तर.

म्हणून ती ऑफिस सुटल्यावर गुपचूप निगडीच्या ॲलर्जीवाल्या डॉक्टरीणबाईंकडं गेली.

"आपली प्रतिकारशक्ती म्हणजे कंपनीच्या गेटवरचा वॉचमन," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. त्यांचे निम्मे पेशंट कारखान्यांतले होते, त्यामुळे त्यांचे दाखले तिथलेच असत. "त्यानं चोराला अडवायचं. तुमचा वॉचमन ओळखीच्या, निरुपद्रवी माणसालाही चोर समजतो आणि सगळ्या कंपनीचे भोंगे वाजवतो. त्यालाच ॲलर्जी म्हणायचं."

"मग त्याला शहाणं करता येतं का?"

"आपल्या आतड्यात चांगले जिवाणू असतात. दह्यात असतात तसले, पण अनेक जातींचे. लहानपणापासून तेच वॉचमनला शिकवतात, कुणाला अडवायचं आणि कुणाला सलाम करायचा. या कॅप्सूलमध्ये तसलेच आहेत. दोन-तीन महिने घ्याव्या लागतील. पण मी वचन देत नाही हं. काहींना गुण येतो, काहींना येत नाही. कुठला जिवाणू कुणाला लागू पडेल, यावर अजून संशोधन चालू आहे. आधी आपण तपासणी करून घेऊ, नक्की कशाची ॲलर्जी आहे ती."

"तपासणी नको."

"का?"

"तपासणीत गाय निघाली तर?"

"निघाली तर कळेल ना."

"तेच कळायला नको आहे," पूनम म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून तिच्याकडं पाहिलं. असा पेशंट त्यांच्याकडं पहिल्यांदाच आला असावा. पूनम कॅप्सूल घेऊन घरी आली आणि त्या फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीमागं लपवल्या. रोज सकाळी एक गिळताना ती पोटातल्या जिवाणूंना मनोभावे हात जोडायची. लवकर शिकवा रे बाबांनो, गाय चांगली आहे.

जिवाणू शिकवत होते की नाही कोण जाणे, पण यशवंतरावांचा धीर सुटला. त्यांनी निगडीला व्याह्यांना फोन केला. रविवारी सदाशिवराव आणि नीलिमाताई घाबऱ्याघुबऱ्या हजर झाले. व्याही येणार म्हणून दिवाणखान्यात माळ्यावरचा मोठा गालिचा अंथरला होता. सोजराबाई वाटीभर साखर मागायला आल्या आणि वाटी मांडीवर घेऊन तिथंच बसल्या.

यशवंतरावांनी हात जोडले. "व्याही, तुमची पोर आमच्याकडं दुःखी हाय. आमचं काय चुकलं ते आमास्नी उमगंना. तुमी बाप हाव, तुमी इचारा. आमी चूक सुधारू."

"मी? दुःखी?" पूनम दारातच थबकली. सासऱ्याचे जोडलेले हात पाहून तिला गलबलून आलं. ती धावत येऊन त्यांच्या पायाशी गालिच्यावर बसली. "आबा, अहो मी कशाला दुः..."

पुढचा शब्द आलाच नाही. शिंक आली. मग दुसरी, तिसरी. इतक्या दिवसांच्या गिळलेल्या सगळ्या शिंका जणू रांग लावून बाहेर पडू लागल्या. सोजराबाईंच्या वाटीतली साखर उडाली. खिडकीबाहेर मैना हंबरली.

"अगंबाई," नीलिमाताई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अहो, ही रडत नाहीये! हिला ॲलर्जी आहे! लहानपणी घरात मांजर आणलं होतं तेव्हा अस्संच झालं होतं!"

मग काय, सगळंच बाहेर आलं. लोणच्याच्या बरणीमागून कॅप्सूल आल्या, निगडीच्या डॉक्टरीणबाई आल्या आणि गेटवरचा वॉचमनही आला. यशवंतरावांनी कॅप्सूल तळहातावर घेऊन उजेडात धरली.

"म्हंजी वाचमन येडा हाय."

"हो, आबा."

"आन ह्यातलं जंतू त्याची शिकवनी घेनार."

"हो. चांगले जंतू असतात ते."

"जित्तं हायती?"

"जिवंत. म्हणून तर फ्रीजमध्ये ठेवते."

"किती दिसात शिकंल त्यो?"

"दोन-तीन महिने. शिकला तर."

"आन न्हाईच शिकला तर?"

सदाशिवराव गालिच्याची नक्षी बघू लागले. जे कुणीच बोलणार नव्हतं ते सोजराबाईंनी उरलेली साखर सावरत बोलून टाकलं. "मग गाय काढा की!"

"गाय कुठंही जाणार नाही," पूनम ठासून म्हणाली. यशवंतरावांनी कॅप्सूल जपून डबीत ठेवली आणि ते पेपर घेऊन गोठ्यात गेले. तो पेपर त्यांनी सकाळीच वाचून दाखवला होता.

दुसऱ्या दिवशी पूनम ऑफिसातून आली तेव्हा गोठा रिकामा होता. यशवंतरावांनी मैनेला टेम्पोत घालून आंबेठाणला बहिणीकडं, अंबूबाईंकडं पोचवलं होतं.

"तिथं चारा बरा हाय," ते पूनमकडं न बघता म्हणाले. "हितं बिल्डिंगींच्या सावलीत जनावर कंटाळतं."

त्या दिवशी पूनम खरोखर रडली. पण आता लाल डोळे म्हणजे ॲलर्जी, हे घरभर माहीत होतं, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. सुभद्राबाईंनी फक्त वाफ घ्यायला गरम पाणी आणून दिलं, आणि जाता जाता पलंगावर आणखी एक गोधडी टाकली.

गाय गेली. आता शिंका जायला हव्या होत्या, पण त्या काही केल्या जाईनात. उलट जोर धरू लागल्या. आणि इथं पूनमची खरी पंचाईत झाली. आधी गाय जाऊ नये म्हणून ती शिंका लपवत होती. आता गाय उगाचच गेली हे सासऱ्याला कळू नये म्हणून लपवणं आलं. त्या माणसानं आपल्यासाठी काळजाचा तुकडा उचलून दिला आणि आपण त्याला सांगायचं, की आबा, काही उपयोग झाला नाही?

त्यामुळे शिंक आली की ती मिक्सर लावायची. मिक्सरच्या घरघरीत शिंक विरून जायची. पण रिकामा मिक्सर लावला तर लोक विचारतात, म्हणून त्यात काहीतरी टाकावं लागायचं. घरात सकाळ-संध्याकाळ चटणी होऊ लागली. शेंगदाण्याची झाली, जवसाची झाली, कारळाची झाली, शेवटी दोडक्याच्या सालींचीही झाली.

"पोरीला चटनीची लई आवड," सुभद्राबाई कौतुकानं सांगत.

"पूनम, चटणी का?" अजिंक्यनं एकदा चाचरत विचारलं. बायकोच्या नजरेतलं बघून त्यानं पुढचे चार "का" विचारले नाहीत. डोळ्यांत थेंब घालून पूनम चेहरा नीट ठेवत होती आणि सगळे म्हणत होते, बघा, गाय गेली आणि पोरीचे डोळे कसे निवळले.

मात्र घरात आता दुसऱ्या कुणाचे तरी डोळे लाल दिसू लागले होते.

एका सकाळी पूनमनं खिडकी उघडली. रिकाम्या गोठ्यात यशवंतराव बसले होते. पेपर मांडीवर होता, घडीही मोडलेली नव्हती. दावणीकडं बघत ते उपरण्यानं डोळे टिपत होते. पूनम चप्पलही न घालता तशीच बाहेर गेली.

"आबा, काय झालं?"

"काय न्हाई."

"तुमचे डोळे लाल झालेत."

"अ‍ॅलर्जी हाय," यशवंतराव म्हणाले. "तुजंच बघून झाली आसंल. घरात एकाला झाली की पसरती."

"आबा, ॲलर्जी पसरत नसते."

"तुला काय समदंच कळतं व्हय? जा, ती वाचमनची गोळी आन मलाबी एक."

पूनमनं मुकाट्यानं कॅप्सूल आणून दिली. यशवंतरावांनी ती पाण्याशिवायच गिळली आणि पोटावरून हात फिरवला. "चांगलं हायती ना जंतू? मग येकटं माणूस बगून तेच जरा बोलत बसतील आत." एवढं बोलून त्यांनी पुन्हा उपरणं डोळ्याला लावलं. पूनमला ते बघवलं नाही. तिलाही भरून आलं, पण भरून यायच्या ऐन क्षणी तिला शिंक आली. मिक्सर घरात होता. शिंक दणकून झाली आणि पत्र्यावरची कबुतरं उडाली.

यशवंतरावांनी उपरणं हळूच खाली घेतलं. आधी त्यांनी रिकाम्या दावणीकडं पाहिलं, मग सुनेकडं.

"गाय तर न्हाई हितं."

पूनम खाली मान घालून उभी राहिली.

"कवापास्नं?"

"थांबल्याच नव्हत्या, आबा."

"आन मग बोलली का न्हाईस, येडे?"

"तुम्ही मैनेला पाठवलंत माझ्यासाठी. ते फुकट गेलं असं कसं सांगू तुम्हाला?"

यशवंतरावांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. ते रडतायत असं वाटून पूनम घाबरली, पण ते हसत होते. "म्हंजी मी त्या सोजरीचं ऐकून गाय धाडली," ते म्हणाले, "आन तू माज्यासाठी दोडक्याच्या सालीची चटनी खाल्लीस!"

त्याच आठवड्यात घरातले सगळे जण निगडीच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी पूनमच्या हातावर वेगवेगळे थेंब ठेवून बारीक सुईनं टोचलं. घरचे तिघं तिच्या हाताकडं निकालाची वाट बघावी तसे बघत बसले. गाईच्या थेंबापाशी काहीच उठलं नाही. मांजराच्या थेंबापाशी जरासं लाल झालं. आणि शेवटच्या एका थेंबापाशी चांगली गांधी उठली.

"गाय निर्दोष," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे आहेत डस्ट माइट. डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे. जुन्या गाद्या, गालिचे, रजया, असल्यात राहतात. तुमच्या अंथरुणात जुनं काही आहे का?"

सगळ्यांच्या नजरा सुभद्राबाईंकडं वळल्या.

"माज्या गादीत किडं?" सुभद्राबाईंचा चेहरा उतरला. "बाई, माज्या आईनं दिल्याली गादी हाय ती."

"मावशी, ते सगळ्यांच्या गाद्यांमध्ये असतात. माझ्यासुद्धा. तुमची काही चूक नाही. फक्त हिचा वॉचमन त्यांना घाबरतो." मग त्या पूनमकडं वळल्या. "आणि तुम्ही काय केलंत? दिवसा जिवाणूंकडून वॉचमनची शिकवणी घेतली आणि रात्रभर त्याच्यावर हजारोंचा लोंढा सोडला. शिकणार कधी तो? कॅप्सूल चालू ठेवायच्या तर ठेवा, पण आधी तो पलंग उतरवा."

घरी आल्या आल्या सुभद्राबाई थेट सुनेच्या खोलीत गेल्या आणि रजई ओढू लागल्या. पूनम मागोमाग आली.

"आई, मी करते."

"सर बाजूला, तुला धूळ लागंल." सुभद्राबाईंनी रजई जमिनीवर टाकली. "मी रोज येक टाकत गेले आन तू रोज त्याच्यावर झोपत गेलीस? श्वास कोंडंस्तवर? म्हनायचं न्हाई, की बाई, पुरं कर?"

"मला आवडायचं ते," पूनम म्हणाली. "तुम्ही संध्याकाळी हळूच येऊन टाकायच्या ना, ते मी दारातून बघायची. माझी आईसुद्धा कधी एवढ्या गाद्या टाकत नाही."

यावर सुभद्राबाई पलंगावर मटकन बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. पूनम जवळ बसायला गेली तर "लांब बस, लांब!" म्हणून ओरडल्या, आणि मग दोघी खोलीच्या दोन टोकांना उभ्या राहून एकमेकींकडं बघत हसल्या. जुन्या गादीचं काय करायचं, यावर अजिंक्यनं फेकून द्यायचं सुचवलं तेव्हा मात्र त्या ठामपणे म्हणाल्या, "फेकून काय? मी झोपंन तिच्यावर. माजा वाचमन शाना हाय."

रविवारी आंबेठाणहून टेम्पो आला. सदाशिवराव आणि नीलिमाताई पेढे घेऊन आले होते. सोजराबाई या खेपेला वाटीसुद्धा न घेता आल्या होत्या. अजिंक्यनं टेम्पोचा मागचा फाळका उघडला. मैना फळीवरून एक एक पाय टाकत उतरली, अंगणात उभी राहिली आणि तिनं गोठ्याकडं न बघता यशवंतरावांकडं बघितलं. यशवंतरावांनी पुढं होऊन तिच्या गळ्यात हात टाकले आणि मानेखालच्या लोंबत्या पोळीत तोंड खुपसलं. नीलिमाताईंनी पर्समधून रुमाल काढला.

आणि यशवंतराव शिंकले.

टेम्पोतल्या कडब्याची धूळ असेल, किंवा इतक्या दिवसांच्या विरहात त्यांचाच वॉचमन मैनेला विसरला असेल, देव जाणे. पण शिंक होती. सगळ्यांनी ऐकली. यशवंतरावांनी डोकं वर काढलं, सगळ्यांकडं एकदा बघितलं, आणि तोंड पुन्हा आत घातल्याबरोबर पुन्हा शिंकले.

"आबा," अजिंक्य हादरून म्हणाला, "तुम्हाला पण...?"

"आगं बया," सोजराबाई म्हणाल्या, "मग गाय..."

"रडतुया मी!" यशवंतराव गरजले. बापाच्या मर्तिकातही ज्यांच्या डोळ्याला कुणी पाणी पाहिलं नव्हतं, त्यांनी हे भर अंगणात, व्याही-विहिणीसमोर, अख्ख्या गावठाणाला ऐकू जाईल असं सांगितलं. "माणसाला रडू येत न्हाई व्हय?" आणि तिसऱ्यांदा शिंकले.

अजिंक्यनं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी पूनम पुढं झाली आणि सासऱ्याला झाकून सगळ्यांसमोर उभी राहिली.

"आबा रडतायत," ती म्हणाली. "या घरातलं रडणं मला चांगलं ओळखता येतं." मग मागं वळून तिनं आपला रुमाल त्यांच्या हातात दिला. "घ्या, आबा. अजून थोडं रडून घ्या."

यशवंतरावांनी रुमाल घेतला, मैनेच्या गळ्याला आणखी घट्ट मिठी मारली, आणि मनसोक्त रडले. एकामागून एक, सहा-सात वेळा.